बांधणारा आणि बिल भरणारा एकच असेल तर? (परवडणारी, कमी ऊर्जेची घरं आणि लोकसहभाग)

ऊनवारा

परवडणाऱ्या घरांची चर्चा बहुतेक वेळा एकाच आकड्यावर येऊन थांबते: चौरस फुटामागे खर्च किती? तो आकडा खाली आणायचा म्हणून भिंती पातळ होतात, छताची उंची कमी होते, छज्जे छाटले जातात आणि छतावरचा उष्णतारोधक थर तर सगळ्यांत आधी उडतो. घर स्वस्तात मिळतं. मग त्यात राहणारं कुटुंब पुढची तीस-चाळीस वर्षं त्या काटकसरीची किंमत मोजत बसतं. उष्ण प्रदेशात पंखे, कूलर, एसीच्या बिलात आणि थंड प्रदेशात हीटरच्या बिलात. बिल झेपत नसेल तर झोपमोड, ओल, सततचा खोकला. ज्यांचं उत्पन्न सगळ्यांत कमी, त्यांच्याच घरात तेवढ्याच गारव्यासाठी किंवा उबेसाठी सगळ्यांत जास्त वीज लागते. हा मला उघड अन्याय वाटतो, म्हणून हा धागा.

उपाय कुणाला माहीत नाहीत असं नाही. ऊन छतावर-भिंतीवर पडण्याआधीच अडवायचं, वारा आरपार खेळेल अशा समोरासमोर खिडक्या ठेवायच्या, थंडीच्या प्रदेशात फटी बुजवायच्या आणि हिवाळ्यातलं तिरपं ऊन आत घ्यायचं. एकमजली घरात किंवा सगळ्यांत वरच्या मजल्यावर बहुतांश उष्णता छतातून येते. उन्हाळ्यात भर दुपारी उघडा, काळवंडलेला स्लॅब ६० अंश सेल्सिअसच्या पुढे तापतो. १० सेंटीमीटर काँक्रीट ती उष्णता अडवत नाही, फक्त उशिरा आत सोडतं. म्हणून रात्री जेवणं उरकून अंथरुणावर पडलं तरी छताची धग अंगावर येते. त्याच स्लॅबवर ५ सेंटीमीटर जाडीचा चांगला रोधक थर टाकला, तर आत येणारी उष्णता साधारण सहाव्या-सातव्या हिश्शावर येते. हे साधं पदार्थविज्ञान आहे, त्यात गुपित काही नाही.

मग तो थर पडत का नाही? कारण त्याचे पैसे बांधणारा देतो आणि फायदा राहणाऱ्याला होतो. विकून मोकळं होणाऱ्याला पुढच्या बिलाचं काय? भाड्याच्या घरात तर हे आणखी पक्कं होऊन बसतं. घरमालक खर्च करणार नाही, कारण बिल भाडेकरू भरतो. भाडेकरू करणार नाही, कारण घर त्याचं नाही.

माझं म्हणणं असं की वस्तीतल्या लोकांना बरोबर घेऊन घरं बांधण्याचं खरं कारण इथे आहे. लोकांची संस्था घरं बांधते, जमीन तिच्याकडे राहते आणि बिलंही त्याच लोकांच्या खिशातून जातात, तेव्हा थर टाकायचा की नाही हा वादच उरत नाही. इंग्लंडमध्ये लीड्सला लायलॅक नावाची २० घरांची सहकारी वसाहत आहे. लाकडी चौकटीत गवताच्या पेंढ्याचे गठ्ठे भरून केलेल्या भिंती आहेत आणि पेंढा भरायच्या कामात रहिवाशांनीही हात लावला होता. प्रत्येक घर आपल्या निव्वळ उत्पन्नाच्या ३५ टक्के रक्कम संस्थेला देतं. ज्याची कमाई कमी तो कमी भरतो.

दुसरं उदाहरण इंग्लंडमधल्याच नॉर्विच शहरातल्या गोल्डस्मिथ स्ट्रीटचं. इथे लोकांची संस्था नाही, घरं नगरपरिषदेनं भाड्यानं देण्यासाठी बांधली. सुमारे १०० घरं, सगळी पॅसिव्ह हाउसच्या, म्हणजे अगदी कमी ऊर्जेत ऊबदार राहणाऱ्या घरांच्या, कसोटीला उतरलेली, आणि ब्रिटनमधलं वास्तुरचनेचं २०१९ चं स्टर्लिंग पारितोषिक मिळालेली. तिथल्या दोन गोष्टी मला फार आवडतात. मागच्या ओळीतल्या घरांचं हिवाळ्यातलं ऊन अडू नये म्हणून पुढच्या ओळीची छपरं कमी उताराची केली. आणि टपालाची फट दारात ठेवलीच नाही, कारण तिच्यातून गार वारा आत येतो. पेट्या बाहेरच्या पोर्चमध्ये बसवल्या. इतकं बारीक कोण बघतं? ज्याला ती घरं पुढची पन्नास वर्षं सांभाळायची आहेत तो.

तुमच्यापैकी कुणी असं काम केलं असेल, जवळून पाहिलं असेल किंवा तुम्हाला यात अडचणी दिसत असतील, तर सविस्तर लिहा. कौतुकापेक्षा अडचणी आधी आल्या तर जास्त बरं.

गिलावा

महत्त्वाचा विषय. मी साइटवर उभा राहणारा माणूस, तेव्हा नकाशा आणि प्रत्यक्ष भिंत यांच्यामध्ये काय सांडतं तेवढंच सांगतो.

रॅट-ट्रॅप बाँडचं उदाहरण घ्या. यात वीट आडवी न ठेवता कडेवर उभी लावतात, त्यामुळे भिंतीच्या पोटात पोकळी राहते. भिंत नऊ इंचीच होते, पण विटा साधारण पाव हिश्शानं कमी लागतात, माल कमी लागतो, आणि पोकळीतल्या हवेमुळे उष्णता अडते. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात ही पद्धत गरिबांच्या घरांसाठी सर्रास वापरली. १९८५ साली ज्या मंडळींनी कॉस्टफोर्ड ही संस्था काढली त्यात ते होते, आणि तिथे गवंड्यांना हे काम रीतसर शिकवलं जातं.

आता गंमत बघा. नवा गवंडी सवयीनं थापी भरून माल पसरतो आणि तो सगळा पोकळीत पडतो. चार थर झाले की पोकळी खालून बुजलेली. बाहेरून भिंत अगदी देखणी, ओळंब्यात, विटांमधले सांधे एकसारखे, पण आतून ती भरीव झालेली. उष्णता अडत नाही आणि वाचलेला मालही पोटात गेला. उपाय अगदी साधा आहे. पोकळीच्या रुंदीची लाकडी पट्टी तिच्यावर ठेवायची, दोन्ही कडांना माल लावायचा, पट्टी उचलायची, वीट बसवायची. एकदा हाताला वळण पडलं की वेगही येतो.

पण गवंड्याला ब्रासच्या, म्हणजे झालेल्या कामाच्या मापाच्या, हिशेबानं पैसे मिळत असतील तर तो पट्टी कशाला उचलत बसेल? त्याच्या जागी मी असतो तर मीही बसलो नसतो. म्हणून लोकांची संस्था बांधत असेल तर तिनं पहिल्या घरासाठी रोजंदारीवर काम द्यावं, एक नमुना भिंत उभी करावी, ती सगळ्यांसमोर फोडून आतून दाखवावी. नंतर वाटल्यास ठेका. नमुना भिंत फोडणं हा खर्च वाटतो, पण बाकीच्या सगळ्या भिंती तिच्यावर सुधारतात.

दाबलेल्या मातीच्या विटांचंही तसंच. सिमेंट ५ ते ८ टक्के घालायचं, भट्टी लागत नाही, ऊर्जा वाचते. ऑरोविलच्या अर्थ इन्स्टिट्यूटनं यावर अनेक वर्षं काम केलं आहे. पण माती न तपासता, न चाळता, विटांवर पाणी न मारता घाईनं काम केलं तर पहिल्या पावसात कडा झडतात आणि मग गावभर होतं की मातीचं घर टिकत नाही. वास्तविक जोतं उंच हवं आणि छपराचा पुढावा चांगला बाहेर हवा. दोष मातीचा नसतो.

हिशेबनीस

ऊनवारा, तुमचा मुद्दा पटला, पण पैशाची बाजू जरा उलगडायला हवी. "वीज वाचेल" हे बँकेला पटवता येत नाही, आकडे मांडावे लागतात.

समजा चांगलं छत, छज्जे आणि जाळीच्या खिडक्यांमुळे बांधकामाचा खर्च ५ टक्क्यांनी वाढला. सगळी रक्कम कर्जानं उभी केली तर मासिक हप्ताही ५ टक्क्यांनीच वाढतो. आता समजा विजेचं किंवा इंधनाचं बिल हप्त्याच्या एक पंचमांश आहे आणि घर नीट बांधल्यानं ते ४० टक्क्यांनी उतरतं. म्हणजे हप्त्याच्या ८ टक्के वाचले. वाढले ५, वाचले ८. कुटुंब पहिल्या महिन्यापासून फायद्यात. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, प्रत्येक ठिकाणी ते वेगळे येतील, पण हिशेब करायची रीत हीच. हप्ता आणि बिल ही बेरीज बघायची, नुसती घराची किंमत नाही. कर्ज देणारे मात्र कुटुंबाची परतफेडीची ताकद मोजताना बिलाकडे बघतच नाहीत. हे बदलायला हवं आणि ते एकट्या कुटुंबाच्या मागणीनं होणार नाही. चाळीस घरांची संस्था एकत्र गेली तर बोलणी तरी होतात.

दुसरी गोष्ट जमिनीची. घर कितीही कमी ऊर्जेचं बांधा, ते पहिल्या कुटुंबानं बाजारभावानं विकलं की पुढच्याला परवडत नाही. लोकांच्या श्रमानं आणि सार्वजनिक पैशानं उभं राहिलेलं मोल एकाच व्यवहारात बाहेर जातं. याला उत्तर म्हणजे सामुदायिक भूमी-न्यास. जमीन न्यासाची, ती विकायची नाही, घर कुटुंबाचं, आणि जमिनीचा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा. अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टन शहरानं १९८४ साली असा न्यास सुरू करायला मदत केली, आजचा चॅम्प्लेन हाउसिंग ट्रस्ट तो हाच. तिथे घर विकताना मालकाला त्यानं भरलेले पैसे मिळतात आणि वाढलेल्या किमतीतला २५ टक्के वाटा मिळतो. बाकीची वाढ घरातच राहते, म्हणून पुढच्या कुटुंबालाही ते झेपतं.

या कल्पनेचं एक मूळ आपल्याकडचं आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. १९६९ साली जॉर्जियात कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी न्यू कम्युनिटीज नावाची संस्था निघाली, तिला पहिला भूमी-न्यास मानतात. ती काढणाऱ्यांनी ज्या प्रयोगांचा अभ्यास केला त्यात विनोबांचं ग्रामदान होतं. जमिनीची मालकी गावाची, कसण्याचा हक्क कुटुंबाचा. पुढे दुष्काळ आणि वेळेवर न मिळालेलं कर्ज यांच्या कात्रीत १९८० च्या दशकात ती जमीन गेली, पण रचना टिकली आणि पसरली.

ऊर्जेशी याचा संबंध असा की न्यास जमिनीवरून हलत नाही. तीस वर्षं फायदा देणारा थर आज टाकणं त्यालाच परवडतं.

वाटसरू

सगळ्यांचं वाचलं. माझी हरकत अशी की "लोकसहभाग" म्हटलं की बहुतेकदा गरिबांच्या माथी जास्तीचं काम येतं. श्रीमंत माणूस घर घेताना त्याला कुणी रविवारी विटा वाहायला सांगत नाही. बारा तास राबून आलेल्या माणसाला सभेला बस, समितीत ये, श्रमदान कर हे सांगणं मला बरोबर वाटत नाही.

आणि लोकांना सामील करून घेतलं असं म्हणायचं, पण निर्णय आधीच झालेला असायचा, हेही खूप दिसतं. इजिप्तमध्ये लक्सरजवळ वास्तुविशारद हसन फतहींनी १९४० च्या दशकात न्यू गुर्ना हे गाव वसवायला घेतलं. मातीच्या विटा, घुमट, कमानी, आतल्या चौकातून गार हवा. वास्तुरचना म्हणून आजही तिचा अभ्यास होतो. पण जुनी वस्ती हलवायचा निर्णय सरकारचा होता. लोकांचं पोट जुन्या जागेवर अवलंबून होतं, ते जायला तयार झाले नाहीत आणि गाव पूर्ण झालंच नाही. घर गार होतं, पण माणसं त्यात आली नाहीत. म्हणजे फतहींसारखा तळमळीचा माणूस असूनही निर्णयाची जागा चुकली की सगळं फुकट. यावर तुमचं काय मत?

ऊनवारा

वाटसरू, तुमची हरकत अगदी रास्त आहे. म्हणूनच मला वाटतं की कोणतं काम लोकांनी करायचं आणि कोणतं त्यांच्यावर मुळीच टाकायचं नाही, हे पहिल्याच सभेत ठरलं पाहिजे.

याचा सगळ्यांत स्पष्ट नमुना कराचीच्या ओरंगी वस्तीतला. अख्तर हमीद खान यांनी १९८० साली तिथे काम सुरू केलं ते सांडपाण्याचं, घरांचं नव्हे, पण वाटणी शिकण्यासारखी आहे. घरातला संडास आणि गल्लीतली गटारवाहिनी लोकांनी आपल्या पैशानं, आपण बांधायची. मोठी मुख्य वाहिनी आणि शुद्धीकरण ही सरकारची जबाबदारी. प्रकल्पानं पैसे वाटले नाहीत, मोजणी करून दिली, नकाशे दिले, अवजारं दिली. एकक होतं गल्ली, वीस ते चाळीस घरांची, म्हणजे सगळे एकमेकांना ओळखतात आणि कुणी पैसे बुडवले तर कळतं. अख्ख्या वस्तीची एकच मोठी समिती केली असती तर ती पुढाऱ्यांच्या हातात गेली असती, असं मला राहून राहून वाटतं.

घरांच्या बाबतीत उरुग्वे. तिथे १९६८ चा गृहनिर्माण कायदा सहकारी संस्थांना कर्ज आणि जमीन मिळवून देतो, आणि १९७० साली अशा संस्थांचा महासंघ, फुकवाम, स्थापन झाला. परस्परसाहाय्याच्या पद्धतीत प्रत्येक कुटुंब बांधकामाच्या काळात आठवड्याला २१ तास काम देतं. तुमची हरकत इथेही लागू पडते, ते तास सोपे नाहीतच. पण दोन गोष्टी बघा. एक, वास्तुविशारद, अभियंता, समाजकार्यकर्ते, हिशेब तपासणारे यांचं तांत्रिक पथक संस्था स्वतः नेमते आणि त्याचा मेहनताना कर्जातच धरलेला असतो. म्हणजे तज्ज्ञ लोकांचे नोकर असतात, मालक नसतात. दुसरी, कित्येक संस्थांत कोणतं घर कुणाला हे बांधून झाल्यावर सोडतीनं ठरतं. त्यामुळे प्रत्येकजण प्रत्येक भिंत आपलीच समजून उभारतो. गिलावा, तुमच्या त्या बुजलेल्या पोकळीचं उत्तर मला या सोडतीत दिसतं.

न्यू गुर्नाबद्दल बोलायचं तर जागेचा निर्णय लोकांचा नसेल तर पुढच्या सहभागाला अर्थ उरत नाही, हे मान्यच. भुजच्या २००१ च्या भूकंपानंतर गुजरातमध्ये बहुसंख्य लोकांनी आपापली घरं आपल्याच जागेवर स्वतः उभी केली. पैसे टप्प्याटप्प्यानं थेट कुटुंबाला मिळाले, आधीचा टप्पा तपासून पुढचा हप्ता. हुन्नरशाळेसारख्या संस्थेनं त्याच काळात स्थानिक कारागिरांचं कसब सुधारून वापरलं. कुटुंबाच्या हाती पैसा, कारागिराच्या हाती चांगली पद्धत, तपासणारा तिसराच. मला ही मांडणी सगळ्यांत प्रामाणिक वाटते.

पायरी

वाचते आहे, माझ्यासारख्या नवख्यांना खूप कळतंय. एक साधा प्रश्न. एवढं सगळं करण्यापेक्षा प्रत्येक छतावर सौर पॅनेल टाकले तर वीज फुकट मिळेल ना? मग भिंत कशी का असेना?

गिलावा

पायरी, प्रश्न चांगला आहे. पॅनेल जरूर टाका, पण शेवटी. घर तापतच राहिलं तर ते गार करायला जास्त पॅनेल लागतात आणि लहान घराला छतच तेवढं नसतं. शिवाय धग रात्री आत येते, तेव्हा ऊन नसतं, म्हणजे बॅटरी आली आणि काही वर्षांनी ती बदलणंही आलं. आधी छत, मग पश्चिमेची भिंत, मग खिडक्या, मग पंखे. जुना पंखा ७०-७५ वॉट घेतो, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचा साधारण ३०. एवढं करून जी गरज उरेल तिच्यापुरती पॅनेल, आणि तीही जमलं तर सगळ्यांची मिळून एका चांगल्या छतावर. स्वतंत्र दहा इन्व्हर्टरपेक्षा एकाची देखभाल सोपी.

पश्चिमेबद्दल एक नोंद. दुपारनंतरचं ऊन इतकं तिरपं येतं की आडवा छज्जा तिथे कुचकामी. तिथे उभ्या पट्ट्या, जाळीची भिंत, वेल, झाड किंवा सरळ जिना आणि साठवणीची खोली त्या बाजूला. नकाशा काढतानाच हे केलं तर एक पैसाही जास्त लागत नाही.

पश्चिमखिडकी

मी अशा एका सामुदायिक वसाहतीत राहते, सगळ्यांत वरच्या मजल्यावर. बांधकामाबद्दल इथे भरपूर आलं, मी राहायला गेल्यानंतरचं लिहिते, कारण बहुतेक प्रकल्प किल्ल्या दिल्या की संपतात.

आमच्या छताला पांढरा परावर्तक रंग आहे. नवा असताना फरक अंगाला कळायचा. पण धूळ बसते, पावसाळ्यात शेवाळ येतं आणि पांढरं छत करडं होतं. करड्या छताचा उपयोग निम्म्यावर येतो. ते घासून धुणं आणि काही वर्षांनी पुन्हा रंगवणं कुणी करायचं, हे सुरुवातीला कुठेच लिहिलेलं नव्हतं. खालच्या मजल्यावरचे म्हणायचे, छताचा फायदा तुम्हाला, खर्च आम्हाला का? या वादात बराच काळ गेला. शेवटी देखभाल निधीतच छताचा वेगळा भाग काढला आणि नियमावलीत लिहिलं की छत, गच्चीचे नळ आणि जिना हे सगळ्यांचं. हे पहिल्या दिवशीच लिहून ठेवा, असं माझं नव्यानं बांधणाऱ्यांना कळकळीचं सांगणं आहे.

दुसरं खिडक्यांचं. आमच्या घरांची रचना अशी की रात्री खिडक्या उघड्या ठेवायच्या, गार हवेनं भिंती थंड होऊ द्यायच्या आणि सकाळी ऊन चढायच्या आत खिडक्या लावायच्या. कागदावर उत्तम. पण तळमजल्यावरच्या बाई रात्री खिडकी उघडी ठेवून झोपतील का? चोराची भीती, डास, रस्त्यावरून डोकावणारी माणसं. सगळ्यांच्या खिडक्या बंद. दिवसभर तापलेल्या जाड भिंती मग रात्री आत धग सोडत राहतात, पातळ भिंतीपेक्षा वाईट. खिडकीच्या वर गजांचा आणि डासांच्या जाळीचा झरोका काढून घेतला, जो कायम उघडा राहू शकतो, तेव्हा कुठे फरक पडला. नकाशाच्या वेळी एखाद्या बाईला कुणी विचारलं असतं, तर हा झरोका पहिल्याच दिवशी असता.

आणि स्वयंपाकघर. ते पश्चिमेला, चुलीची उष्णता आणि उन्हाची उष्णता एकाच खोलीत, एकाच वेळी. दुपारी तीन वाजता घरात कोण असतं याचा विचार करणारं कुणी त्या टेबलाशी बसलेलं नव्हतं. सभा संध्याकाळी सात वाजता ठेवल्या की बायका येत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी सभा सातलाच असतात. अहमदाबादचा महिला हाउसिंग ट्रस्ट १९९४ पासून गरीब वस्त्यांतल्या बायकांना हाताशी धरून काम करतो, पांढऱ्या छतांची कामंही त्यांनी केली आहेत. सुरुवात बायकांपासूनच करायला हवी, असं मला वाटतं.

वाटसरू

पश्चिमखिडकी, +१. मी श्रमदानाला विरोध करत होतो, पण तुम्ही सांगता तो सहभाग वेगळा आहे. विटा वाहण्यापेक्षा नकाशासमोर बसणं जास्त मोलाचं, आणि त्याला आठवड्याचे २१ तास लागत नाहीत. सभेच्या वेळेची मजुरी बुडते तिचा मोबदला मात्र प्रकल्पाच्या खर्चात धरायला हवा. सल्लागाराच्या वेळेचे पैसे मिळतात, तर राहणाऱ्याच्या वेळेचे का नाहीत?

आणखी एक. जुन्या, आधीच बांधलेल्या घरांचं काय? बहुतेक गरीब माणसं नव्या घरात जाणारच नाहीत, आहे तिथेच राहणार, त्यातही पुष्कळजण भाड्यानं.

हिशेबनीस

सभेच्या मोबदल्याची सूचना फार चांगली. ती रक्कम एकूण खर्चाच्या मानानं किरकोळ असते आणि त्यातून वाचणाऱ्या दुरुस्त्या कितीतरी मोठ्या.

जुन्या घरांसाठी माझ्या मते संस्थेची ताकद खरेदीत आणि मोजणीत आहे. एका घरानं रोधक थर टाकायचा तर कारागीर येतच नाही, आला तर दर वाटेल तो. तेच एका गल्लीतल्या वीस-पंचवीस छतांचं काम एकगठ्ठा दिलं तर माल थेट कारखान्यातून येतो, मचाण एकदाच बांधावं लागतं, आणि काम तपासायला एक जाणता माणूस नेमता येतो.

मोजणीला महागडी उपकरणं नकोत. दोन स्वस्त तापमापक, एक छताखाली, एक बाहेर सावलीत, आणि मागच्या वर्षभराची बिलं. काम व्हायच्या आधी उन्हाळ्यातले काही दिवस रोज ठरलेल्या वेळी नोंद, नंतर तशीच नोंद. चार-पाच घरं मुद्दाम काम न करता ठेवून त्यांचीही नोंद घ्यायची, नाहीतर यंदा उन्हाळाच सौम्य होता असं कुणीतरी म्हणणारच. फक्त बिलावर जाऊ नका. जी कुटुंबं आधी पैशांअभावी पंखाही बंद ठेवत होती, त्यांचं बिल कदाचित उतरणार नाही, पण घर राहण्याजोगं होईल. तोही फायदाच आहे आणि तो तापमापकातच दिसतो.

ऊनवारा

मोजणीची ही रीत मी उचलते, सध्या ज्या गटाबरोबर काम चालू आहे तिथे हीच वापरू.

थंड प्रदेशात जुन्या घरांना रोधक थर टाकताना एक काळजी घ्या. फटी बुजवल्या की आतली वाफ बाहेर जात नाही, कोपऱ्यांत बुरशी धरते. १९९१ साली जर्मनीत डार्मश्टाटला पहिलं पॅसिव्ह हाउस झालं, त्यात हवाबंद भिंतींबरोबर हवा खेळती ठेवायची यंत्रणाही होती, बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब आत येणाऱ्या हवेला देणारी. ती झेपत नसेल तर निदान स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात पंखा हवाच. भिंत बंद करायची आणि हवेची सोय करायची नाही, हे अर्धं काम लहान मुलांच्या छातीवर येतं.

भाडेकरूंबद्दल वाटसरूंचा प्रश्न सगळ्यांत अवघड आहे. घर सुधारलं की मालक भाडं वाढवतो आणि ज्याच्यासाठी केलं तोच बाहेर पडतो. म्हणून सार्वजनिक किंवा संस्थेचा पैसा भाड्याच्या घरात जाणार असेल तर आधी लेखी करार: इतकी वर्षं भाडं वाढणार नाही, भाडेकरूला काढता येणार नाही, आणि मोडला तर मदतीची रक्कम परत. करारावर मालक, भाडेकरू आणि संस्था अशा तिघांच्या सह्या. मालक तयार नसेल तर त्या छताचं काम थांबवायचं आणि पुढचं घर घ्यायचं.

अशा कराराचा मसुदा कुणाकडे असेल, कोणत्याही भाषेतला, तर इथे जरूर टाका. आमच्या गटातल्या बायकांना तो घरी नेऊन वाचायचा आहे, म्हणून वकिली भाषा काढून साध्या मराठीत लिहायचं काम मी करीन.

गिलावा

करार माझ्याकडे नाही, पण छताच्या कामाची तपासयादी आहे, गवंड्यांसोबत बसून केलेली. थर टाकण्याआधी स्लॅबच्या भेगा आणि उतार तपासणं, पाणी साठवून गळती बघणं, थराच्या जोडांवर पट्टी, वर कोबा, कडांना गोलाई. रोधक थर ओला झाला की त्याचा उपयोग गेला, म्हणून गळतीची तपासणी सगळ्यांत आधी. ऊनवारा, तुमच्या मसुद्याला ती जोडा. संध्याकाळपर्यंत टंकून इथेच टाकतो.